पांढरीतले धन

लक्ष्मीपूजनाच्या रात्री ताम्हनात मांडायला घरोघर जुने रुपये बाहेर निघतात. आमच्या अहमदपूरकडे त्या रुपयांत राणीछापाच्या जोडीला चारमिनारचे हाली रुपये हटकून असायचे. कारण उघड आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. त्या काळी अहमदपूर बिदर जिल्ह्यात होते. १९५६ साली ते उस्मानाबादेत आले आणि १९८२ साली लातुरात. माणसे जागची हलली नाहीत, जिल्हे मात्र तीन झाले!

हे रुपये चिंचेने घासता घासता घरातली वडीलधारी माणसे एकाच गोष्टीवर येतात. ती गोष्ट म्हणजे पुरलेले धन. रझाकारांच्या धामधुमीत पुष्कळ कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे गेली. जाताना कोणी चुलीखाली, कोणी गोठ्यात गव्हाणीखाली डबा पुरला. परतल्यावर कोणाला तो सापडला, कोणाला नाही. या खऱ्या गोष्टींच्या पाठोपाठ मग दुसऱ्या येतात : हंड्यावर वेटोळे घालून बसलेला नाग, डोळ्यांत अंजन घातले की जमिनीखालचे दिसणारा पायाळू माणूस. ऐकायला गंमत वाटते. पण याच वेडापायी लेकराबाळांचे बळी गेले आहेत, म्हणून २०१३ सालच्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याला गुप्तधनाच्या शोधातल्या अघोरी प्रकारांची मुद्दाम दखल घ्यावी लागली, हेही सणाच्या दिवशी विसरू नये.

विलायतेत पायाळू माणसाचे काम यंत्र करते. तिकडे धातुशोधक यंत्र बाळगणाऱ्या हौशी लोकांचे क्लब आहेत. सुट्टीच्या दिवशी वीस-पंचवीस जण मिळून एखाद्या शेतकऱ्याची परवानगी काढतात, पीक निघालेल्या रानात ओळीने चालतात, आणि यंत्र ‘कुईं’ करून ओरडले की गुडघ्यावर बसून वीतभर माती उकरतात. बहुधा निघते काय, तर खिळा, गुंडी, बाटलीचे बूच! तरी डबे सोडून बांधावर जेवायचे, एकमेकांचे खिळे पाहायचे आणि संध्याकाळी घरी जायचे. आपल्या हुरडा पार्टीचाच हा भाऊबंद म्हणायचा.

पण एकदा खिळ्याऐवजी भलतेच निघाले. १९९२च्या नोव्हेंबरात सफक परगण्यातल्या हॉक्स्नी गावी एका कुळाचा हातोडा शेतात हरवला. यंत्र बाळगणाऱ्या एका ओळखीच्या सेवानिवृत्त माणसाला त्याने तो शोधायला बोलावले. हातोड्याऐवजी हाती लागली सोन्यारुप्याची रोमन नाणी आणि चांदीचे चमचे. काही वस्तू निघताच त्या भल्या माणसाने हात आवरला आणि वर्दी दिली. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वाचे लोक आले व त्यांनी तो सगळा ठेवा जागच्या जागी उकलला. सुमारे पंधरा हजार नाणी निघाली. त्याहून मोलाचे म्हणजे कुजून गेलेल्या लाकडी पेटीचा मागमूस लागला; आतली भांडी गवतात आणि कापडात कशी जपून बसवली होती तेही कळले. पंधराशे वर्षांपूर्वी कोणा घरंदाज माणसाने परत येण्याच्या आशेने बांधलेली ती पेटी होती. बार्शीकडे गेलेल्या आमच्या लोकांनी पुरलेल्या डब्याहून ती काय निराळी? हरवलेला हातोडाही पुढे सापडला आणि तोही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडे असे यंत्र घेऊन रान उकरायला कोणी निघू नये हे बरे. परवानगीवाचून उत्खनन करता येत नाही. अवचित काही सापडले तर मात्र १८७८चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांवरचा ठेवा सापडला की कलेक्टरला लेखी कळवायचे. मालक ठरला नाही, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जागेच्या मालकाचा. सरकारला हवा असेल तर धातूच्या किमतीवर पंचमांश जास्त देऊन घ्यावा. इंग्रजाने केलेला असला तरी कायदा माणुसकीचा आहे. पण गावात तो ठाऊक कोणाला? सापडलेले बहुतेक रातोरात सोनाराच्या मुशीत जाते.

मुशीत गेले म्हणजे काय जाते, ते जोगलटेंभीवरून कळते. सिन्नर तालुक्यात गोदावरी-दारणेच्या संगमाजवळचे हे गाव. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा एक ठेवा निघाला. रेव्हरंड स्कॉट यांनी त्यातली १३,२५० नाणी पाहिली. सगळी क्षत्रप नहपानाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकलेला होता : एका अंगाला चैत्य, दुसऱ्या अंगाला उज्जैनी चिन्ह. काही नाण्यांवर तर त्या चिन्हाखालून नहपानाचे नाक आणि कपाळ अजून डोकावते. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाने क्षहरातांचे कूळ नामशेष केल्याचे कोरून ठेवले आहे. आईने मुलाचे कौतुक करायचेच, म्हणून कोणी त्यावर किंचित शंका घेतली असती. पण जिंकलेल्या राजाच्या पैशावर आपली मोहर उठवणारा हा हातोडा खोटे बोलत नाही. शिवाय एकही नाणे तिसऱ्या राजाचे नाही, म्हणजे दोघांच्या मध्ये दुसरा कोणी आला नसावा. हे एका नाण्याने कधीच सांगितले नसते. ती हजारो नाणी एकत्र राहिली म्हणून बोलली.

उलट दायमाबाद पाहा. प्रवरेकाठच्या या गावी १९७४ साली एक शेतकरी झाडाचे मूळ खणत होता. त्याला काशाची चार शिल्पे सापडली : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीच्या रथावर उभा असलेला माणूस. चारी मिळून साठ किलोंहून अधिक वजनाची. ती मुशीत गेली नाहीत हे आपले भाग्य. पुढे साळी यांनी तिथे पद्धतशीर उत्खननही केले. तरीही ही शिल्पे मातीच्या नेमक्या कोणत्या थरात होती हे कुदळीखाली गेले ते गेलेच, आणि त्यांच्या काळाविषयी विद्वानांचा वाद राहिला.

आमच्या भागातले या विषयाचे माहेर म्हणजे तेरणेकाठचे तेर. फ्लीटसाहेबाने १९०१ साली दाखवून दिले की ग्रीक खलाशांच्या वाटाड्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेले तगर ते हेच. आज लोक जातात ते गोरोबाकाकांच्या समाधीला. विटांचे त्रिविक्रम मंदिर पाहायला थोडे वळतात. गावाभोवती पांढरीची टेकाडे आहेत. काळी पिकवायची आणि पांढरी राहायची, ही आपली जुनी वाटणी. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी माळवदावर टाकायला हीच पांढरी माती खणून नेली आणि तिच्याबरोबर सातवाहनांची मणी, मातीच्या मूर्ती, शिशाची नाणी वर आली. तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी पोरासोरांकडून, शेतकऱ्यांकडून अशा हजारो वस्तू जमवल्या. त्यांच्या नावाने आज तिथे सरकारी संग्रहालय आहे. त्यातली हस्तिदंती स्त्री पाहिली की पाँपेईच्या राखेखाली १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीची आठवण येते. बहिणी शोभाव्यात अशा. एका माणसाने कपाटे भरली नसती तर हे सारे गेले असते. मात्र कोणती वस्तू कोणत्या टेकाडातून, किती खोलून आली, हे कपाटाला सांगता येत नाही. चापेकरांनी १९५८ साली खणले ते त्याचसाठी.

मागे नववीच्या मुलांना घेऊन मी एस.टी.ने तेरला गेलो. निघण्यापूर्वीच एकाने विचारले, “सर, ते कुईं करणारं मशीन आणायचं का?” मी म्हटले, डोळे आणा आणि वही आणा. संग्रहालय पाहून आम्ही नुकत्या नांगरलेल्या एका रानाच्या कडेने, मालकाला विचारून, ओळीने चाललो. पहिला पाऊस पडून गेला होता. तासात खापऱ्या उघड्या पडल्या होत्या. अर्ध्या घटकेत एक मुलगा थबकला. त्याच्या पायापाशी शंखाच्या बांगडीचा बोटभर तुकडा होता, पांढरा, वर रेघांची नक्षी असलेला. समुद्र तिथून कितीतरी दूर.

पोरगा वाकला, मग माझ्याकडे पाहिले. त्याची मूठ अर्धी मिटलेली. खिशात घातला असता तर कोणाला कळणार होते?

शेतकरी म्हणाला, “हे तर दरसाली निघतंय, मास्तर. न्हेऊ द्या की लेकराला.”

मुलाने मूठ उघडली. “नको काका, म्यूजेमात द्या,” म्हणाला, आणि वही काढून बांधावरच्या बाभळीपासून पावले मोजू लागला. एकतीस भरली. मग शेजारच्या मुलाने, तुझी टांग लांब आहे म्हणून, पुन्हा मोजायला घेतली.