आईचं स्टेटस आणि बेबीताईंची वही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन हार्बर लाइनच्या गर्दीत शहीद झालेत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' कमी केलेत.

सुरुवात घरापासून. मी देवनारला राहतो. माझी आई रोज व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकते. गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल नाही, स्वतःचं काहीतरी. "पहाटे पुन्हा वास आला. खिडक्या लावल्या. दूध नासलं. गुडघा बरा आहे." एवढंच. मागच्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या काकांनी मला लिफ्टमध्ये गाठलं. म्हणाले, "अरे, आईंना सांग जरा. आम्ही फ्लॅट विकायला काढलाय, लोक बघायला येतात, आणि त्या रोज वासाचं लिहितात." मी घरी येऊन आईला म्हणालो, "कशाला लिहितेस असलं? वाचतं कोण?" तिने माझ्यासमोरच ते डिलीट केलं. नंतर दोन महिने काहीच टाकलं नाही.

ते 'वाचतं कोण' माझ्या डोक्यात राहिलं. आज लाखो लोक मोबाइलवर आपापलं रोजचं लिहितायत. काय खाल्लं, काय दुखलं, कोण काय बोललं. यातून समाज खरंच पुढे जातो, की नुसता डेटा संपतो? मी आधी दुसऱ्या बाजूचा होतो. मग जुनं वाचायला लागलो.

1885 सालच्या जून महिन्यात 'टाइम्स ऑफ इंडिया'त एक पत्र छापून आलं. खाली नाव नव्हतं, नुसतं 'अ हिंदू लेडी'. आजच्या भाषेत निनावी अकाउंट. बालविवाहाने मुलीच्या शिक्षणाचं आणि मनाचं काय होतं, हे तिने स्वतःच्या अनुभवातून लिहिलं होतं. ही बाई म्हणजे मुंबईची रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, पण ती आईकडेच वाढली. नवरा दादाजी भिकाजी याने 1884 मध्ये, बायकोने नांदायला यावं म्हणून हायकोर्टात दावा लावला. आधी निकाल तिच्या बाजूने लागला, पण मार्च 1887 मध्ये कोर्ट म्हणालं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिने तुरुंग चालेल असं कळवलं. टिळकांच्या 'केसरी'ने तिच्याविरुद्ध लिहिलं. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं, आणि ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली. तिच्यावर मराठीत सिनेमाही आहे, बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, वय दहाचं बारा झालं. आता इथे एक सोपं वाक्य टाळतो: 'रखमाबाईने पत्र लिहिलं आणि कायदा बदलला.' तसं झालं नाही. बेहरामजी मलबारी 1884 पासून या विषयामागे लागले होते. 1890 मध्ये बंगालमध्ये फुलमणी नावाची लहान मुलगी नवऱ्याच्या हातून मेली आणि देश हादरला. पत्र ही त्यातली एक वीट. पण ज्या विषयावर तोवर बहुतेक पुरुषच भांडत होते, त्यात 'हे माझ्या बाबतीत झालं' म्हणणारी बाई आली. वाद तोच राहिला, पण तिला वगळून तो घालणं अवघड झालं.

अर्थात रखमाबाई शिकलेल्या घरातली, सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन. इंग्रजीत लिहू शकणारी. माझ्या आईशी जास्त जुळते ती दुसरीच बाई, फलटणची. जरा थांबून सांगतो.

बेबीताई कांबळे. जन्म 1929, शिक्षण चौथीपर्यंत, तेराव्या वर्षी लग्न, घरात छोटं किराणा दुकान. दुकानात माल बांधायला रद्दी यायची, तर त्या पुड्या बांधायच्या आधी वर्तमानपत्र वाचायच्या. मग वाचनाची सवय लागली, आणि मग गल्ल्यावर बसून वहीत लिहायला लागल्या. महारवाड्यातलं बालपण, बायकांचे हाल, आंबेडकरांची चळवळ गावात आली तेव्हाचे दिवस. आणि हे लिहिलेलं त्या घरात लपवून ठेवायच्या. जिथे कुणाचा हात जाणार नाही अशा धुळीच्या कोपऱ्यात. नवऱ्याला आणि मुलाला कळलं तर काय म्हणतील, ही भीती. असं सुमारे वीस वर्षं!

माझं काम सर्व्हरचं आहे. आमच्याकडे प्रत्येक मशीन रात्रंदिवस लॉग लिहीत असतं: इतक्या वाजता हे झालं, इतक्या वाजता ते झालं. कुणी वाचत नाही. ज्या दिवशी सिस्टिम झोपते त्या दिवशी मात्र सगळे त्याच ओळींवर तुटून पडतात. आणि तेव्हा कळतं की जागा वाचवायला कुणीतरी तीस दिवसांपूर्वीचे लॉग पुसून टाकण्याची सेटिंग करून ठेवलीय. (हो, ते मीच केलं होतं. वेगळा एपिसोड होईल.)

बेबीताईंच्या वह्या पुसल्या गेल्या नाहीत, हा योगायोग. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन बाई फलटणमध्येच राहायला आल्या होत्या. त्यांना हे लिखाण कळलं, त्यांनी ते छापण्याचा आग्रह धरला. 1982 मध्ये 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः आलं आणि 1986 मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक निघालं. 2008 मध्ये माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेलं.

त्या इंग्रजी पुस्तकात शेवटी बेबीताईंची मुलाखत आहे, आणि मला सगळ्यात जास्त ती लागली. त्यात त्या सांगतात की नवरा संशय घ्यायचा, मारायचा. पुस्तकात हे जवळजवळ नाही. का नाही, तर हे काही माझ्या एकटीचं नव्हतं, सगळ्याच बायकांचं तसंच होतं, मला समाजाचं लिहायचं होतं, अशा अर्थाचं त्या बोलतात. म्हणजे वीस वर्षं लपून लिहिणाऱ्या बाईनेही स्वतःचं एक दुखणं वहीबाहेरच ठेवलं. त्यामुळे 'हल्ली लोक काय वाटेल ते लिहितात' असं कुणी कुरकुरलं की मला आता राग येतो. काय वाटेल ते लिहिता येणं ही फार नवी चैन आहे, आणि अजून सगळ्यांना नाही.

लपवायला लावणारे नेहमी शत्रूच असतात असंही नाही. 1978 मध्ये दया पवारांचं 'बलुतं' ग्रंथालीने काढलं. नागपाड्याच्या कावाखान्यातलं त्यांचं लहानपण त्यात आहे. तिथल्या बायका रस्त्यावरून चिंध्या, कागद, काचा, लोखंड गोळा करून विकायच्या. पुस्तकाचं भरपूर कौतुक झालं, पण त्यांच्याच समाजातले काही जण चिडले. आपली लाज चव्हाट्यावर का मांडली, म्हणून. वाचताना मला आमची लिफ्ट आठवली. काकांची अडचण वासाबद्दल नव्हती, वास तर त्यांनाही येतो. अडचण तो लिहिण्याची होती.

आणि कावाखान्यातल्या त्या बायकांचं काम आज माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर चालतं. देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927 पासून आहे. तिथे कचरा वेचणाऱ्या कितीतरी बायकांच्या हातात आता स्मार्टफोन आहे. त्यांचेही स्टेटस असतील, रील्स असतील. बेबीताईंना छापून यायला वीस वर्षं लागली, यांना दोन सेकंद. हा फरक मी 'प्रगती' या शब्दाखाली बिनधास्त टाकेन. पण व्हॉट्सॲपचं स्टेटस चोवीस तासांत जातं, आणि ते बघतं कोण, तर आपल्याच फोनमधले लोक. 'स्त्री'च्या वाचकासारखा अनोळखी माणूस त्यात नाही, रखमाबाईचा कोर्टातला विरोधक नाही. ज्याला ते वाचून पेच पडावा, त्याच्यापर्यंत ते जातच नाही. म्हणून माझं उत्तर सध्या अर्धंच आहे: लिहिता येणं ही प्रगती, पण समाज हलायला ते टिकावं लागतं आणि परक्याच्या हातात पडावं लागतं.

जानेवारी 2016 च्या शेवटी डम्पिंगला मोठी आग लागली होती, आठवतंय? नासाच्या उपग्रहालाही धूर दिसला. इकडच्या पालिकेच्या शाळा बंद ठेवल्या होत्या. त्याच फेब्रुवारीत कचऱ्याच्याच खटल्यात हायकोर्टाने मुंबईत नव्या बांधकामांना मनाई केली. तेव्हा आईकडे स्मार्टफोन नव्हता. ती कालनिर्णयच्या चौकोनात लिहायची, दुधाच्या हिशोबाखाली बारीक अक्षरात: 'धूर', 'धूर', 'बाबांना खोकला, डॉक्टर'. किती दिवस सलग धूर होता ते मला या एपिसोडसाठी मोजायचं होतं. मी तिला विचारलं, "आई, ते 2016 चं कालनिर्णय कुठाय?"

"ते होय? रद्दीत गेलं की. वर्ष संपल्यावर कोण ठेवतं?"

तिचं स्टेटस पुन्हा सुरू झालंय. मी सॉरी म्हणालो, ती म्हणाली, "बरं." परवाचं होतं: "वास कमी. मटार महाग." मी रोज रात्री त्याचा स्क्रीनशॉट काढतो आणि तारखेने नाव देऊन ठेवतो. काकांचा फ्लॅट अजून विकला गेलेला नाही.