जिम्नोपेदी

फ्रेंच संगीतकार एरिक साती (१७ मे १८६६ – १ जुलै १९२५) यांच्या पियानोसाठी लिहिलेल्या तीन छोट्या रचना. साती यांनी त्या ऐन तारुण्यात, १८८८ मध्ये पूर्ण केल्या. पहिली आणि तिसरी रचना त्याच वर्षी पॅरिसमध्ये छापली गेली. दुसरी १८९५ मध्ये आली. प्राचीन स्पार्टातील जिम्नोपेदिया या तरुणांच्या नृत्योत्सवावरून हे नाव घेतले आहे.

स्वरूप : तिन्ही रचना तीन मात्रांच्या व विलंबित लयीतल्या आहेत. पहिली संथ व वेदनेने भरलेली, दुसरी संथ व उदास, तिसरी संथ व गंभीर वाजवावी, अशा सूचना साती यांनी दिल्या आहेत. पहिल्या रचनेत डावा हात पहिल्या मात्रेवर खर्जातला एकच स्वर देतो आणि दुसऱ्या मात्रेवर वर येऊन कॉर्ड धरतो. असे चार बार गेल्यावर उजव्या हाताची सुरावट सुरू होते. ही रचना डी मेजरमध्ये असूनही तिचा शेवट डी मायनरच्या कॉर्डवर होतो, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात हुरहूर राहते.

वादन : नवशिक्यांसाठी पहिली रचना विशेष उपयोगी आहे. तिच्यात जलद ताना नाहीत, अलंकरण नाही आणि सुरावटीत बहुतेक ठिकाणी एका वेळी एकच स्वर वाजतो. मात्र दोन्ही हात स्वतंत्रपणे चालू लागल्यावरच ती हाती घ्यावी. डाव्या हाताला खर्जापासून कॉर्डपर्यंत सप्तकाहून मोठी झेप घ्यावी लागते. खर्जाचा स्वर वाजताच पेडल दाबून तो धरून ठेवला, तर हात घाई न करता वर नेता येतो. पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर पेडल बदलले नाही, तर स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. कॉर्ड मृदू आणि सुरावट किंचित ठळक ठेवणे, हा यातला खरा रियाज. द्रुत वादनात झाकला जाणारा कच्चा स्वर इथे लपत नाही. म्हणूनच स्वर सोपे असले, तरी वादन सोपे नाही.

प्रभाव : साती यांचे मित्र क्लोद दबुसी यांनी पहिल्या व तिसऱ्या रचनेचे वाद्यवृंदासाठी रूपांतर केले आणि ते १८९७ मध्ये पॅरिसमध्ये सादर झाले. साती यांचे नाव मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोहोचण्यास त्याची मदत झाली. पुढे लुई माल यांनी १९६३ च्या ‘ल फ फोले’ या चित्रपटात साती यांचे पियानोसंगीत वापरले.

या रचना आता स्वामित्वहक्कातून मुक्त असून त्यांची स्वरलिपी विनामूल्य मिळते. शिकणाऱ्याने सोपी केलेली आवृत्ती न घेता मूळ स्वरलिपीवरूनच त्या बसवाव्यात.