घरभाडे-गुंतवणूक (मालाड)

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील मालाडमध्ये भाड्याने देण्याच्या हेतूने सदनिका घेण्याचा व्यवहार. पश्चिमेला मागणीचा मोठा आधार म्हणजे माइंडस्पेस हे कार्यालयीन संकुल. तिथले नोकरदार एव्हरशाईन नगर, ऑर्लेम, चिंचोली बंदर भागात, पुष्कळदा दोघे-तिघे मिळून, वन बीएचके शोधतात. पूर्वेला कुरार आणि दिंडोशीला मेट्रो 7 ची स्थानके आहेत.

भाडेकरू घर सोडणार नाही, ही घरमालकांची धास्ती जुनी आणि सकारण आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली. 1973 मधील दुरुस्तीने त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मुळे चित्र पालटले: लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून कलम 24 नुसार दुप्पट भाडे मागता येते आणि प्रकरण थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे नेता येते.

म्हणून नवख्याने करारात कंजुषी करू नये. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. कलम 55 नुसार लेखी करार आणि त्याची नोंदणी सक्तीची असून जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. खर्चही मोठा नाही. भाडे 30,000 आणि डिपॉझिट 1 लाख असेल, तर अकरा महिन्यांचे भाडे 3,30,000, डिपॉझिटवर वार्षिक 10 टक्क्यांनी धरलेले व्याज सुमारे 9,200. या बेरजेच्या 0.25 टक्के, म्हणजे साधारण 850 रुपये मुद्रांक शुल्क. नोंदणी फी 1,000, शिवाय एजंटचे पैसे. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही द्यावी.

भाड्यातून मिळणारा परतावा मात्र कमी. एक कोटीच्या घराला दरमहा 30,000 मिळाले तरी वर्षाला 3.6 टक्के, त्यातून मेंटेनन्स जायचा. गृहकर्जाचा हप्ता भाड्यातून फिटेल या हिशेबाने उतरणाऱ्याने हा आकडा आधी मांडावा. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते, पण ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाहीत. आयकरात, मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते.

हेवी डिपॉझिटवर, म्हणजे मोठी रक्कम घेऊन नाममात्र भाड्याने, घर देण्याची पद्धतही इथे आहे. मुदत संपताच ती रक्कम एकरकमी परत द्यावी लागते. झोपडपट्टी पुनर्वसन किंवा म्हाडाचे घर स्वस्त दिसले, तरी त्यावर हस्तांतरणाचे निर्बंध असतात. वाटपपत्र पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये.