मिठावरील जकात : इ. स. १६७१ चे एक पत्र आणि कोकणातील संरक्षक करनीती

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील मुरूड तालुक्याचे काशीद हे गाव आज समुद्रकिनाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकास मात्र त्याचे भौगोलिक स्थान अधिक महत्त्वाचे वाटावे. काशीदच्या उत्तरेस कोर्लईचा किल्ला आहे. इ. स. १५९४ पासून तो पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. त्यापलीकडे कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा, म्हणजे पोर्तुगीजांचे चौल. दक्षिणेस राजपुरीची खाडी आणि सिद्दीचा जंजिरा. सतराव्या शतकात या किनाऱ्याने जाणाऱ्या गलबताजवळ पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे 'कार्ताझ' असणे आवश्यक होते. परवाना नसल्यास जहाज व माल जप्त होण्याचे भय असे. सिद्दीच्या आरमाराचा धाक वेगळाच. अशा समुद्रावर जकात ही बहुतांशी संरक्षणाची किंमत होती आणि ती ज्याच्याकडे आरमार त्यालाच वसूल करता येई. जकात श्रेयस्कर की खुला व्यापार, या वादाचा विचार कोकणच्या संदर्भात करताना ही पार्श्वभूमी दृष्टीआड करता येत नाही.

इ. स. १६७१ मध्ये होळीच्या सुमारास सिद्दीने दंडा-राजपुरी मराठ्यांकडून परत घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात छत्रपती शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाच्या जकातीविषयी एक पत्र पाठविले. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु उत्तर कोकणचे एक मोक्याचे बंदर हातचे गेले असता स्वतःच्या ताब्यातील इतर बंदरांचे उत्पन्न राखणे राज्यास किती निकडीचे झाले असेल, याची कल्पना येते.

पत्रातील आर्थिक तर्क

पत्राचा आशय थोडक्यात असा. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडते. संगमेश्वराकडील मीठ जकातीमुळे महाग विकते. घाटावरचे व्यापारी साहजिकच बारदेशच्या मिठाकडे वळतात. तेव्हा बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवावी, की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल. या कामी कोणाची भीड धरल्यास बारदेशचे मीठ सगळे खपून जाईल आणि स्वराज्यातील बंदरे बुडतील, असा इशाराही पत्रात आहे.

अलीकडच्या लेखनात या पत्राचा उल्लेख 'स्वदेशीचा पहिला पुरस्कार' असा केला जातो. हा गौरव समजण्यासारखा असला, तरी पत्राचा रोख त्यामुळे झाकला जातो. परकीय मीठ आणूच नये, असे त्यात म्हटलेले नाही. त्यात किंमतींचा हिशेब आहे. आपल्या मिठावर आपणच घेत असलेल्या जकातीचा बोजा लक्षात घेऊन बाहेरच्या मिठावर त्याहून अधिक बोजा टाकावयाचा, म्हणजे बाजारात आपले मीठ टिकेल. देशी मालावरील कर आणि आयात मालावरील कर यांचा मेळ घालण्याचे हे तत्त्व आधुनिक करशास्त्रास परिचित आहे. दुसरी गोष्ट, पत्रातील चिंता आगरी मिठागरवाल्याच्या मजुरीपेक्षा बंदराच्या उत्पन्नाची अधिक आहे. मीठ हा वजनाने जड व किमतीने हलका माल. त्याच्या किमतीत वाहतुकीचा वाटा मोठा. मिठासाठी खाली उतरणारे बैलांचे तांडे घाटावरचे धान्य घेऊन येत. तांडा ज्या पेठेत मीठ भरील तेथेच तो धान्यही विकणार. मिठाचे गिऱ्हाईक गेले की त्या बंदराची इतर उलाढालही जाणार, हे त्या काळच्या मुलकी अधिकाऱ्यास वेगळे सांगण्याची गरज नसावी.

या धोरणाची किंमत कोणी मोजली? घाटावरच्या खेडुताने. त्याला स्वस्त मीठ मिळत होते, ते आता महाग झाले. पत्रात त्याचा विचार नाही. आरमार व किल्ले यांचा खर्च चालविणाऱ्या राज्याच्या दृष्टीने तो दुय्यम होता. तरीही संरक्षक जकातीचा भार अखेर ग्राहकावर पडतो, हा खुल्या व्यापाराच्या पुरस्कर्त्यांचा मुख्य आक्षेप येथेही तंतोतंत लागू पडतो.

आणखी एक मुद्दा काशीदच्या किनाऱ्याशी निगडित आहे. बारदेशच्या मिठावर जकात बसविणे शक्य झाले, कारण घाटाकडे जाणारी वाट कुडाळच्या मामल्यातून जात होती व नाकी मराठ्यांची होती. रेवदंडा ते राजपुरी या पट्ट्यात असा आदेश कागदावरच राहिला असता. जी सरहद्द आपल्या हाती नाही, तेथे जकात बसविता येत नाही.

कंपनी सरकार व मीठ

इ. स. १८१८ नंतर कोकणचा बहुतांश भाग कंपनीकडे गेला. काशीद मात्र १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात राहिले. मुंबई इलाख्यात इ. स. १८३७-३८ च्या सुमारास अंतर्गत मालवाहतुकीवरील जकाती उठविण्यात आल्या. व्यापार मोकळा झाला. त्याची भरपाई मात्र मिठातून केली गेली. १८३७ च्या कायद्याने देशी मिठावर मणास ८ आणे कर बसला. १८४४ मध्ये तो १ रुपया करताच सुरतेत मोठा उठाव झाला आणि सरकारला दर १२ आण्यांवर आणावा लागला. ज्या मिठाला १६७१ मध्ये जकातीचे कवच मिळाले होते, तेच आता खुल्या व्यापाराचा खर्च भागवू लागले.

बंगालची स्थिती याहून वाईट झाली. ब्रिटनहून कलकत्त्यास येणाऱ्या जहाजांना येताना पुरेसा माल नसे. ती भारासाठी चेशायरचे मीठ लिव्हरपूलहून भरून आणीत. त्यामुळे वाहतूक जवळजवळ फुकट पडे. आयात मिठावर देशी मिठाइतकाच कर असल्याने देशी उत्पादनाला आधार उरला नाही. १८६३ मध्ये सरकारी मीठ उत्पादन बंद झाले आणि मलंगी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मीठ कामगारांचा धंदा बुडाला. समान कर म्हणजे न्याय, असे वरवर वाटते. पण एका बाजूस जहाजाचे भाडे नाममात्र असेल, तर समान कर दुर्बल उत्पादकास मारक ठरतो. १६७१ च्या पत्रात बाहेरच्या मिठावर 'बरोबरीची' नव्हे तर 'अधिक' जकात का सांगितली आहे, हे बंगालच्या अनुभवावरून उमगते.

१८८२ मध्ये अर्थसदस्य एव्हलिन बेअरिंग यांनी खुल्या व्यापाराच्या नावाने कापडासह बहुतेक आयात कर रद्द केले. त्याच अंदाजपत्रकात मिठावरील कर उतरविला खरा, परंतु तो मणास २ रुपये राहिलाच. मँचेस्टरचे कापड करमुक्त आणि शेतमजुराचे मीठ करपात्र, ही विसंगती हिंदी अर्थचिंतकांना खटकली. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात अर्थशास्त्राचे सिद्धान्त देशकालनिरपेक्ष नसतात, असे प्रतिपादन केले. मिठाच्या इतिहासाने त्यांच्या म्हणण्यास पुष्टीच मिळते.

इ. स. १९३० च्या मे महिन्यात शिरोडे येथे, म्हणजे गोव्याच्या सीमेलगत, मिठाचा सत्याग्रह झाला. तो कराविरुद्ध होता. पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, मध्यवर्ती सरकारने परदेशी मिठावर मणामागे साडेचार आण्यांचा जादा आयात कर बसविला. एडनचे मीठ त्यातून वगळले. पश्चिमेकडील उत्पादकांना याचा लाभ होणार होता. बंगालच्या प्रतिनिधींनी मात्र कायदेमंडळात कडाडून विरोध केला, कारण आयात मिठावर त्यांचाच प्रांत अवलंबून होता. शिवकालीन पत्रात जो ग्राहक कोठेच दिसत नाही, त्याला या वेळी बोलण्यास जागा होती. आणि जादा कराच्या उत्पन्नातील मोठा वाटा आयात मीठ खाणाऱ्या प्रांतांना देण्याची तरतूद सरकारला करावी लागली.