पळीभर तेलाचा मठ

आमची झरी म्हणजे सपाट काळं रान. डोंगर चढायला मी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेलो. तिथून पायवाट पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांकडे जाते. हे गौताळा अभयारण्य आहे, १९८६ पासून. बिबट्याचं घर, तेव्हा ब्लूटूथ स्पीकर घरीच ठेवा.

मी मात्र अडकलो पाटणच्या १२०७ च्या शिलालेखात. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (ते योगी चांगदेव नव्हेत हं!) याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. खर्चाला राजाचं दान होतंच, शिवाय दर घाण्यामागे पळीभर तेल. वरचा मजकूर संस्कृत, पण हा देण्याघेण्याचा हिशेब जुन्या मराठीत! तेल्याला कळायला नको का?

माझी बीटेकची फी वडिलांनी सोयाबीन विकून भरली. ती पळी काही डोक्यातून जात नाही.