आडगावचा भयपट: जामनेर, भुसावळ आणि स्वतंत्र चित्रपटांचा व्यवहार

भयपटाचा इतिहास लिहिताना अभ्यासक सहसा दिग्दर्शकापासून आरंभ करतात आणि चाहते भुतापासून. ज्याच्या आगाऊ रकमेवर चित्रपट पुरा झाला तो वितरक आणि ज्या गावात तो चालला ते गाव यांचा उल्लेख दोघांच्याही लेखनात क्वचितच आढळतो. 'स्वतंत्र भयपट' ही संज्ञा तर अलीकडे महोत्सवांत नावाजलेल्या, संथ गतीच्या, आशयघन चित्रपटांपुरतीच वापरली जाते. मात्र मोठ्या निर्मितिसंस्थेचे भांडवल आणि नामवंत नट यांच्यावाचून तयार झालेला व स्वतःच्या बळावर बाजारात उतरलेला चित्रपट, हा तिचा साधा अर्थ धरला, तर भारतातील स्वतंत्र भयपट जगला तो मुख्यतः लहान गावांच्या तिकीटविक्रीवर, आणि त्या गावांच्या यादीत जळगाव जिल्ह्यातील जामनेरसारख्या तालुक्याच्या ठिकाणांचे स्थान दुय्यम नाही.

कांग नदीच्या काठी वसलेले जामनेर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेस आहे. डोंगराच्या पलीकडे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते, तर अलीकडचा मुलूख १९०६ साली खानदेशाचे दोन भाग झाल्यानंतर पूर्व खानदेश या नावाने मुंबई इलाख्यात मोडत असे. चित्रपट व्यवसायाने देशाची जी वाटणी केली, तिला व्यवसायात 'सर्किट' किंवा 'टेरिटरी' म्हणतात, म्हणजे एका वितरकाने प्रदर्शनाचे हक्क विकत घ्यावयाचा प्रदेश. आणि या वाटणीत इंग्रजी अमदानीतील नावे अजून टिकून आहेत. डोंगरापलीकडचा मराठवाडा 'निजाम' सर्किटमध्ये गेला, तर जळगाव-भुसावळचा टापू 'सी. पी. बेरार' म्हणजे मध्य प्रांत व वऱ्हाड या सर्किटला जोडला गेला. राज्यकारभारात पूर्व खानदेश मध्य प्रांतात कधीच नव्हता. तरीही व्यवसायाने हा निराळा नकाशा आखला त्यामागचे कारण रेल्वेमार्गांत शोधावे लागते: मुंबईहून येणारा लोहमार्ग भुसावळला फुटून एक फाटा नागपूरकडे आणि दुसरा इटारसीकडे जातो, त्यामुळे रिळांच्या पेट्या पाठवण्यास व परत मागवण्यास याहून सोयीचे ठाणे मिळणे कठीण होते. वितरक व चित्रगृहमालक यांची 'सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन' ही संघटना, जिच्या कक्षेत सी. पी. बेरारबरोबर मध्य भारत आणि राजस्थानही येतात, तिचे मुख्यालय भुसावळसारख्या, राजधानी नसलेल्या आणि स्टुडिओ नसलेल्या गावी आहे, ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासकारांनी पुरेशी मनावर घेतलेली दिसत नाही. जामनेर या ठाण्याच्या शेजारचेच. शिवाय पाचोरा येथे मुख्य मार्गाला मिळणारी आणि लोकांच्या तोंडी 'पीजे' म्हणून रुळलेली पाचोरा–जामनेर ही अरुंद लोहमार्गाची गाडी २०२० पर्यंत शेंदुर्णी-पहूर या वाटेने गावाला जोडून होती.

या व्यवहाराची रीत समजून घेतल्याशिवाय भयपटाचे अर्थकारण उलगडत नाही. निर्माता चित्रपट पुरा होण्याआधीच एकेका सर्किटचे हक्क विकत असे. वितरक त्याबदली 'मिनिमम गॅरंटी', म्हणजे चित्रपट चालो वा पडो, ठरलेली किमान रक्कम देण्याचे बंधन पत्करी, आणि तिचा हप्ता हाती येताच निर्माता पुढचे चित्रीकरण करी. वितरकाकडे रिळांच्या प्रती, म्हणजे 'प्रिंट', मोजक्याच असत, कारण एकेक प्रत महाग पडे. त्यामुळे त्या आधी मोठ्या शहरांत, मग जिल्ह्याच्या ठिकाणी आणि शेवटी तालुक्याला, अशा क्रमाने फिरत. तालुक्याला पोहोचेपर्यंत प्रत ओरखडलेली असे, परंतु मधल्या आठवड्यांत चित्रगृह रिकामे ठेवणे मालकाला परवडत नसे, आणि नेमक्या याच मोकळ्या आठवड्यांत अल्पखर्ची चित्रपटांना जागा मिळे. भयपटाला तेथे एक जास्तीची सोय होती: त्याला नटाच्या नावाची गरज नसे, कारण पोस्टरवरचा विद्रूप चेहरा आणि 'फक्त प्रौढांसाठी' हा प्रमाणपत्राचा शिक्का एवढ्या भांडवलावर पहिले दोन दिवस निघत. त्यापुढचे दिवस चित्रपटाला स्वतःच्या गुणांवर काढावे लागत.

ही सोय सर्वांत आधी आणि सर्वांत नेटाने वापरली ती रामसे कुटुंबाने. फाळणीपूर्वी कराचीत आणि नंतर मुंबईत रेडिओचा व्यापार करणारे एफ. यू. रामसे यांनी १९७० साली काढलेला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट पडला, परंतु त्यातील मुखवटा घातलेल्या चोराच्या प्रसंगाला प्रेक्षक दाद देतात हे त्यांच्या मुलांनी हेरले आणि १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' हा भयपट महाबळेश्वरास, सगळे कुटुंब नेऊन, अल्प खर्चात चित्रित केला. कुमार पटकथा लिहीत, तुलसी व श्याम दिग्दर्शन करीत, गंगू छायाचित्रण पाहत, किरण ध्वनी सांभाळीत आणि अर्जुन संकलन करीत. ही विभागणी कलावंतांच्या संघटित गटापेक्षा एकत्र कुटुंबाच्या दुकानासारखी होती, आणि म्हणूनच खर्च आटोक्यात राहिला. 'पुराना मंदिर' (१९८४) हा त्यांचा सर्वाधिक गाजलेला चित्रपट; त्यातील सामरी हा राक्षस साकारणारे अनिरुद्ध अग्रवाल हे शिक्षणाने स्थापत्य अभियंता होते. नंतरच्या 'वीराना' (१९८८) पर्यंत रामसे यांचा साचा कायम राहिला: शापित हवेली, पूर्वजाचे पाप, शहरातून आलेले तरुण आणि शेवटी त्रिशूळ. समीक्षकांनी या चित्रपटांची टर उडवली, आणि ती अगदीच निराधार नव्हती, कारण विनोदी उपकथानके असह्य आहेत आणि स्त्रीदेहाकडे पाहण्याची दृष्टी बाजारू आहे. तथापि निळ्या-लाल प्रकाशाचा त्यांनी केलेला वापर आणि धुराच्या पडद्यातून भूत हळूहळू उघड करण्याची त्यांची हातोटी यांची पारख आडगावच्या प्रेक्षकाने समीक्षकांच्या फार आधी केली होती.

साधनांच्या अभावातून शैली घडण्याचा हा प्रकार केवळ भारतातला नव्हे. अमेरिकेत पिट्सबर्गजवळ जॉर्ज रोमेरो आणि त्यांच्या मित्रांनी वर्गणी काढून 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) बनवला, तेव्हा एका शेतघरात कोंडलेली माणसे हा कथेचा गाभा खर्चाच्या मर्यादेतूनच आला होता. १९९९ चा 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' तर हातातल्या थरथरत्या कॅमेऱ्यालाच आशय बनवून गेला. फरक एवढाच की तेथील चित्रपट पुढे विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत गेले, आणि येथील प्रिंट गोदामांत कुजल्या.

मराठीत भयाची परंपरा पडद्यापेक्षा छापील पानांवर अधिक समृद्ध राहिली. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची पुस्तके भाड्याने देणारी वाचनालये तालुक्या-तालुक्याला होती, आणि धारपांच्या 'समर्थ' मालिकेने वाचकांच्या किमान दोन पिढ्यांना भुताची एक सुसंगत, जवळजवळ शास्त्रीय म्हणावी अशी नियमावली शिकवली. पडद्यावर मात्र वसंत जोगळेकर यांच्या 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) नंतर गंभीर भयपटाची वाट रुंद झाली नाही. १९९३ साली महेश कोठारे यांनी 'झपाटलेला' मध्ये रामदास पाध्ये यांनी घडवलेल्या तात्या विंचूच्या बाहुल्याला घेऊन भीती व हसू यांची सांगड घातली, ती इतकी यशस्वी झाली की मराठी भूत पुढे बराच काळ विनोदाच्या आश्रयालाच राहिले.

त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर 'झी हॉरर शो' सुरू झाला आणि रामसे स्वतःच आपला माल घराघरांत पोहोचवू लागले. त्याआधीच्या दशकात व्हिडिओ पार्लरनी चित्रगृहांचा गल्ला कमी केला होता. या पार्लरांतूनच खानदेशाच्या सीमेवरील मालेगावात, नासिर शेख यांच्या पुढाकाराने, 'मालेगाव के शोले' सारख्या विडंबनपटांची निराळी स्वतंत्र चळवळ उभी राहिली, हा या व्यवहाराचा अनपेक्षित फायदा म्हणावा लागेल. परंतु आडगावच्या भयपटाला खरा धक्का बसला तो उपग्रहाद्वारे चित्रपट पाठवण्याच्या तंत्राने. २००५ नंतरच्या काही वर्षांत रिळांच्या प्रती संपल्या आणि मोठ्या कंपनीचा चित्रपट मुंबईत लागतो त्याच शुक्रवारी तालुक्यातही लागू लागला. वरकरणी हा समतेचा विजय होता. प्रत्यक्षात प्रत हाताने फिरण्याच्या संथपणामुळे जे मोकळे आठवडे निर्माण होत, तेच नाहीसे झाले, आणि त्या आठवड्यांवर जगणारा अल्पखर्ची चित्रपट बेघर झाला.

आधुनिक स्वतंत्र भयपट उभा राहिला तो या रिकाम्या झालेल्या जागेनंतर, आणि त्याचा धनी वेगळा आहे. वितरकाच्या किमान हमीऐवजी आता महोत्सवातील निवड आणि स्ट्रीमिंग सेवेने, म्हणजे इंटरनेटवरून घरी चित्रपट दाखवणाऱ्या कंपनीने, दिलेली एकरकमी किंमत यांवर त्याचा हिशेब बसतो. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' चे चित्रीकरण २०१२ साली सुरू होऊन चित्रपट २०१८ साली प्रदर्शित झाला. व्हेनिस येथील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ त्याने झाला, आणि त्यातील आजीच्या कथाभागाचे मूळ धारपांच्या कथेत आहे. चित्रपट हिंदी असला तरी त्याचे हाड मराठी आहे. त्याची थोरवी अशी की हस्तर या भुकेल्या दैवताविषयी प्रेक्षकाला आवश्यक तेवढेच सांगून तो थांबतो. पिठाचे रिंगण, गर्भासारखी लाल गुहा आणि न थांबणारा पाऊस यांतून लोभ दिसतो, तो कोणी बोलून दाखवावा लागत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तो चित्रगृहांत पुन्हा लावला असता पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई झाली, यावरून पहिल्या वेळी उणीव प्रेक्षकांची नव्हती, त्यांच्यापर्यंत नेणाऱ्या वाटेची होती, असा निष्कर्ष काढण्यास हरकत नाही.

भयपटाच्या चाहत्यांत आज जो वाद चालतो त्यालाही या बदललेल्या धन्याची पार्श्वभूमी आहे. एका पक्षाला 'जम्प स्केअर', म्हणजे शांततेनंतर अचानक दचकवण्याची क्लृप्ती, स्वस्त वाटते आणि तो 'स्लो बर्न', म्हणजे मंद आचेवर शिजणाऱ्या भीतीला श्रेष्ठ मानतो. 'द विच' (२०१५) किंवा 'हेरेडिटरी' (२०१८) हे त्याचे मानदंड आहेत. दुसऱ्या पक्षाची तक्रार अशी की 'एलिव्हेटेड हॉरर', अर्थात उच्च दर्जाचा म्हणवला जाणारा भयपट, भुताला भूत राहू देत नाही. ते सदैव शोक, मातृत्व किंवा मानसिक आजार यांचे रूपक असते आणि रूपक उलगडताच भीती विरते. या वादात दुसऱ्या पक्षाचे पारडे अधिक जड आहे, कारण महोत्सवाच्या निवडसमितीला पटवून देण्यासाठी रूपक सोयीचे पडते, ही गोष्ट पहिला पक्ष विचारात घेत नाही. मात्र रूपक आणि भूत एकत्र नांदूच शकत नाहीत असेही नाही. विशाल फुरिया यांचा मराठी 'लपाछपी' (२०१७), ज्याची त्यांनीच २०२१ साली 'छोरी' या नावाने हिंदी आवृत्ती केली, उसाच्या शेतात वाट हरवण्याच्या साध्या भीतीवर उभा आहे. गर्भवती नायिका, लपंडाव खेळणारी मुले आणि उषा नाईक यांनी विलक्षण संयमाने रंगवलेली घरातली प्रौढ स्त्री यांतून स्त्रीभ्रूणहत्येचा विषय हळूहळू वर येतो. शेवटचा भाग उपदेशाकडे झुकतो, हा दोष खराच. परंतु उसातली भीती त्याआधीच मुरलेली असते. ज्या जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या साडेआठशेच्याही खाली होती, तेथील प्रेक्षकाला या चित्रपटातील गाव परके वाटण्याचे कारण नव्हते.

तरीही मराठी भीतीचा भूगोल एकाच किनारपट्टीकडे कलंडलेला आहे. 'तुंबाड', आदिश केळुस्कर यांचा 'कौल', दूरचित्रवाणीवरील 'रात्रीस खेळ चाले', आणि आदित्य सरपोतदार यांचा, स्वतंत्र म्हणता येणार नाही असा, 'मुंज्या' (२०२४), या सर्वांनी कोकणच निवडले: जुना वाडा, दाट झाडी, पाऊस आणि भाऊबंदकी. खानदेशाची काळी कापसाची जमीन, केळीच्या बागा आणि उन्हाने पोळलेला सातपुडा यांत भय दाखवणे छायाचित्रकाराला अवघड जाते, हे एक कारण. कोकणातील भूत बहुधा मालमत्तेशी आणि पूर्वजांशी बांधलेले असल्यामुळे ते कथेच्या चौकटीत चटकन बसते, हे दुसरे. तिसरे कारण अधिक नाजूक आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबार व धुळे जिल्ह्यांच्या आदिवासी भागांत, भीतीचे प्रमुख रूप 'डाकीण' हे आहे, आणि डाकीण ही मेलेल्या माणसाचे भूत नसून जिच्यावर आळ घेतला जातो ती जिवंत, बहुधा एकटी किंवा विधवा स्त्री असते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्या व्यक्तीवर करणी किंवा जादूटोण्याचा आळ घेऊन तिचा छळ करणे गुन्हा ठरवले आहे. अशा प्रदेशात चेटकिणीची शक्ती खरी मानून बेतलेला भयपट, त्याची कलाकुसर कितीही उत्तम असली, आळ घेणाऱ्या जमावाच्या बाजूने उभा राहतो. रामसे यांच्या साच्याला, ज्यात गावाने ओळखलेले भूत नेहमीच खरे निघते, ही अडचण कधी जाणवलीच नाही. 'लपाछपी' ने भुतांना बळींच्या बाजूस ठेवून आणि दहशत जिवंत माणसांच्या हाती देऊन ही मांडणी उलटवली. खानदेशी भयपटाला हीच उलटी मांडणी अधिक मानवेल, आणि त्यासाठी तावडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या पात्रांच्या पलीकडे फारसा खर्च लागणार नाही. प्रश्न उरतो तो एवढाच की त्याच्या किमान हमीची जोखीम आता भुसावळने घ्यावी की मुंबईतील स्ट्रीमिंग कंपनीच्या खरेदी विभागाने.