चे गेवारा वारसामार्ग, अर्जेंटिना

लॅटिन अमेरिकेतील क्रांतिकारक अर्नेस्तो गेवारा ऊर्फ चे (१९२८–६७) याचे जन्मापासून वैद्यकीय पदवीपर्यंतचे आयुष्य ज्या गावांत व शहरांत गेले, त्यांना जोडणारा अर्जेंटिनातील प्रवासमार्ग. पाराना नदीकाठचे रोसारियो, ईशान्येकडील मिसियोनेस प्रांतातील काराग्वाताय, कोर्दोबा प्रांतातील आल्ता ग्रासिया व कोर्दोबा शहर, राजधानी ब्वेनोस आइरेस आणि अँडीज पर्वतरांगेतील सान मार्तिन दे लोस आंदेस ही त्यावरील मुख्य ठिकाणे होत. ‘लोस कामिनोस देल चे’ म्हणजे ‘चेच्या वाटा’ या नावाने हा स्थळसमूह ओळखला जातो. ही एक सलग आखलेली वाट नाही. ठिकाणांमधील अंतरे शेकडो किलोमीटरची आहेत आणि बहुतेक प्रवासी त्यांतील दोन-तीनच पाहतात. बोलिव्हियातील ला इगेरा, जेथे ९ ऑक्टोबर १९६७ रोजी त्याला ठार करण्यात आले, आणि क्युबातील सांता क्लारा, जेथे त्याची समाधी आहे, ही स्थळे जगभर अधिक प्रसिद्ध असली, तरी तेथे दिसतो तो घडून गेलेला क्रांतिकारक. तो घडत असतानाचा काळ समजून घ्यायचा तर अर्जेंटिनातील या घरांकडेच वळावे लागते.

या कुटुंबाच्या स्थलांतरांमागे सर्वांत मोठे कारण राजकारण नव्हते, तर थोरल्या मुलाचा दमा हे होते. वडील अर्नेस्तो गेवारा लिंच आणि आई सेलिया दे ला सेर्ना ही दोघेही जुन्या, प्रतिष्ठित घराण्यांतील होती. मात्र हाती पैसा नेहमीच पुरेसा नसे. विवाहानंतर त्यांनी काराग्वाताय येथे, पाराना नदीच्या काठच्या जंगलात, येर्बा मातेची लागवड सुरू केली. येर्बा माते हे दक्षिण अमेरिकेतील झुडूप असून त्याच्या वाळवलेल्या पानांवर गरम पाणी ओतून ‘माते’ हे अर्जेंटिनातील घरोघरचे पेय तयार करतात. तेथील त्यांच्या घराची जागा आता प्रांतिक उद्यान म्हणून राखलेली असून तेथे छोटे संग्रहालय आहे. दाट उपोष्ण जंगल, लाल माती आणि नदीचे रुंद पात्र एवढेच तेथे पाहण्यासारखे असले, तरी कुटुंबाच्या साहसी स्वभावाची साक्ष याहून स्पष्टपणे दुसरीकडे मिळत नाही.

रोसारियो हे जन्मस्थान बरेचसे योगायोगाने ठरले. प्रसूतीसाठी मिसियोनेसहून राजधानीकडे निघालेले दांपत्य वाटेत या बंदरशहरात थांबले आणि नोंदीनुसार १४ जून १९२८ रोजी तेथे मुलाचा जन्म झाला. प्रत्यक्ष जन्म महिनाभर आधीचा असावा, असे मत काही चरित्रकारांनी मांडले आहे. एन्त्रे रियोस व उर्किसा या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील, वास्तुविशारद आलेहांद्रो बुस्तियो याने रचलेली फ्रेंच धाटणीची ती इमारत आजही उभी आहे. परंतु ती खाजगी असल्यामुळे पदपथावरूनच पाहावी लागते. शहरात २००८ मध्ये, ऐंशीव्या जयंतीच्या दिवशी, शिल्पकार आंद्रेस सेर्नेरी याने घडवलेला सुमारे ४ मीटर उंचीचा कांस्यपुतळा उभारण्यात आला. लोकांनी आपापल्या घरच्या जुन्या किल्ल्या आणि पितळी वस्तू दिल्या व त्या वितळवून तो ओतण्यात आला, ही त्याची विशेष गोष्ट.

मे १९३० मध्ये ब्वेनोस आइरेसजवळील सान इसिद्रो येथे, आईबरोबर थंड पाण्यात पोहून आल्यानंतर, सुमारे दोन वर्षांच्या अर्नेस्तोला दम्याचा पहिला झटका आला. राजधानीची दमट हवा त्याला मानवेना, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने कुटुंब कोरड्या डोंगराळ हवेच्या शोधात निघाले आणि १९३२ च्या सुमारास आल्ता ग्रासिया येथे पोहोचले. काही महिन्यांचा म्हणून ठरलेला हा मुक्काम १९४३ पर्यंत लांबला. म्हणूनच संपूर्ण मार्गाचा गाभा जन्मगावाला नव्हे, तर या गावाला मानणे योग्य ठरते.

आल्ता ग्रासिया कोर्दोबा शहरापासून सुमारे ३६ किमी. अंतरावर, सिएरास चिकास या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसले आहे. गावाचा इतिहास सतराव्या शतकातील जेझुइट पंथाच्या शेतीवाडीपासून सुरू होतो; अशा वाडीला ‘एस्तान्सिया’ म्हणतात आणि येथील चर्च, निवास व ‘ताहामार’ हा बांधीव तलाव कोर्दोबातील अन्य जेझुइट वास्तूंसह २००० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी सिएरास हॉटेलमुळे येथे श्रीमंत हवापालटवाल्यांची आणि फुप्फुसाच्या रुग्णांची वर्दळ वाढली. गेवारा कुटुंबाने येथे अनेक घरे भाड्याने घेतली. त्यांपैकी सर्वांत दीर्घकाळ वास्तव्य झाले ते ‘व्हिया निदिया’ या बैठ्या, प्रशस्त ओटा असलेल्या बंगल्यात. २००१ मध्ये त्याचे संग्रहालय झाले. शालेय नोंदी, छायाचित्रे, पत्रे आणि १९५२ च्या दक्षिण अमेरिका प्रवासात होती तशी नॉर्टन मोटारसायकल तेथे मांडलेली असून ओट्याच्या कठड्यावर लहानग्या अर्नेस्तोचा बसलेला पुतळा आहे. जुलै २००६ मध्ये क्युबाचे नेते फिडेल कास्त्रो व व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष ऊगो चावेस यांनी या घराला एकत्र भेट दिली.

दम्यामुळे शाळा वारंवार बुडत असल्याने आईने त्याला प्रारंभी घरीच शिकवले. अंथरुणाला खिळलेल्या दिवसांत त्याला वाचनाचे वेड लागले, तर बरे वाटताच तो डोंगरात भटके आणि गोल्फ मैदानावर चेंडू-काठ्या वाहणाऱ्या गरीब मुलांबरोबर खेळे. स्पेनमधील यादवी युद्धाच्या काळात (१९३६–३९) वडिलांनी प्रजासत्ताकवाद्यांच्या मदतीसाठी समिती स्थापन केली, पराभूत बाजूच्या निर्वासितांना घरात आसरा मिळाला आणि हा मुलगा नकाशावर झेंडे टोचून आघाड्यांच्या हालचाली टिपू लागला. पुढे दूर देशांतील लढ्यांशी त्याने जे नाते जोडले, त्याचे मूळ शोधायचे तर ते या जेवणघरातील चर्चांत सापडते, असे म्हणता येईल. स्पॅनिश संगीतकार मान्युएल दे फाया यानेही आयुष्याची अखेरची वर्षे (१९४२–४६) याच गावात काढली. त्याचे ‘लोस एस्पिनियोस’ हे घरही संग्रहालय असून प्रवाशांनी दोन्ही घरे एकत्र पाहावीत.

माध्यमिक शिक्षणासाठी अर्नेस्तो १९४२ मध्ये कोर्दोबातील देआन फुनेस विद्यालयात दाखल झाला. पुढच्या वर्षी कुटुंबही त्या शहरात गेले. तेथे रग्बीच्या निमित्ताने आल्बेर्तो ग्रानादो या जीवरसायनतज्ज्ञाशी त्याची मैत्री जुळली. १९४७ मध्ये आजीच्या अखेरच्या आजारानंतर त्याने ब्वेनोस आइरेस विद्यापीठात वैद्यकशास्त्राला प्रवेश घेतला. राजधानीत त्याच्या खुणा विखुरलेल्या असून त्या जाणकाराशिवाय सापडत नाहीत.

मार्गाचा शेवटचा टप्पा सान मार्तिन दे लोस आंदेस हा होय. ग्रानादोबरोबर ‘ला पोदेरोसा’ म्हणजे ‘बलवती’ नाव दिलेल्या मोटारसायकलवरून दक्षिण अमेरिका पाहायला निघालेला हा विद्यार्थी जानेवारी १९५२ अखेर लाकार सरोवराकाठच्या या गावी पोहोचला आणि राष्ट्रीय उद्यानाच्या गवताच्या कोठारात दोघांनी मुक्काम केला. ‘ला पास्तेरा’ नावाचे ते साधे लाकडी कोठार सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामगार संघटनेने जतन केले असून २००८ पासून तेथे संग्रहालय आहे. कोणतीही भव्यता नसलेले हे स्थळ मार्गावरील सर्वांत प्रामाणिक स्मारक ठरते. पदवी मिळाल्यावर जुलै १९५३ मध्ये ब्वेनोस आइरेसमधील रेतिरो स्थानकावरून तो बोलिव्हियाकडे निघाला. त्यानंतर तो अर्जेंटिनात आला तो ऑगस्ट १९६१ मध्ये, राष्ट्राध्यक्ष आर्तुरो फ्रोंदिसी यांच्या गुप्त भेटीपुरता, काही तासांसाठी.

या स्मारकांविषयी अर्जेंटिनात एकमत नाही. क्युबातील क्रांतीनंतर हवानातील ला काबान्या किल्ल्यात त्याच्या अधिकाराखाली दिल्या गेलेल्या मृत्युदंडांमुळे त्याचा सार्वजनिक गौरव अनेकांना अमान्य असून रोसारियोतील पुतळा हटवण्याची मागणीही झाली आहे. बालपणाची घरे दाखवताना हा उत्तरार्ध झाकून ठेवणे अभ्यासाच्या दृष्टीने अयोग्य होय. मराठी वाचकांना या चरित्राचा परिचय मुख्यतः अरुण साधू यांच्या ‘फिडेल, चे आणि क्रांती’ या पुस्तकामुळे झाला.

दक्षिण गोलार्धामुळे तेथील ऋतू भारताच्या उलट असतात : जून ते ऑगस्ट हा हिवाळा. कोर्दोबाचा डोंगराळ भाग त्या काळात कोरडा राहतो, परंतु सान मार्तिन परिसरात बर्फ पडते. त्यामुळे दोन्ही ठिकाणे एकाच प्रवासात पाहायची असल्यास मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने सोयीचे. संग्रहालयांतील मजकूर प्रामुख्याने स्पॅनिशमध्ये असल्याने चरित्र आधी वाचून जाणे उपयुक्त ठरते. वेळ थोडा असल्यास रोसारियो वगळावे, आल्ता ग्रासिया वगळू नये.